क्रायस्लरची जामीनकी

1979 सालच्या जुलै महिन्याच्या अखेरच्या दिवशी अमेरिकेतील तिसऱ्या क्रमांकाच्या मोटार-कंपनीने आपल्या तिमाहीचा हिशेब जाहीर केला, त्यात 20 कोटी 70 लक्ष डॉलरांची खोट दाखवली, आणि ही खोट भरून निघेपर्यंत तग धरता यावा म्हणून वॉशिंग्टनच्या सरकारकडे 100 कोटी डॉलरांच्या साह्याची मागणी केली. ज्या देशात खाजगी कारखानदाराने सरकारच्या दारी जाणे हे कुळाला बट्टा लावणारे मानले जाई, निदान तसे मानत असल्याचा देखावा तरी अत्यंत निष्ठेने केला जाई, त्या देशात या अर्जाने जी खळबळ उडाली तिचे पडसाद पुढे पाच महिने विधिमंडळाच्या दोन्ही गृहांत घुमत राहिले. अर्जाचे स्वरूपही मोठे मासलेवाईक होते. कंपनीचे अध्यक्ष जॉन रिकार्डो यांचे म्हणणे असे की, पुढे केव्हातरी कंपनीला नफा होईल, त्या नफ्यावर कर बसेल, आणि आजच्या खोटीपोटी त्या करात सूट मिळेलच. तर ती सूट सरकारने आजच रोख स्वरूपात हाती द्यावी. न झालेल्या नफ्यावरील न भरलेल्या कराची सवलत आगाऊ मागणारा हा अर्ज लिहिणाऱ्या कारकुनाच्या कल्पकतेला दाद द्यावी, की तो मान्य होईल असे समजणाऱ्या मालकांच्या भाबडेपणाचे नवल करावे, हे ठरवणे कठीण आहे. नव्यानेच खजिन्याचा कारभार हाती घेतलेले सचिव विल्यम मिलर यांनी तो फेटाळला. परंतु फेटाळताना कर्जाला सरकारने जामीन राहण्याचा मार्ग विचारात घेता येईल, असे सुचवून त्यांनी दार अर्धवट उघडे ठेवले.

ही कंपनी वॉल्टर क्रायस्लर नावाच्या गृहस्थाने 1925 साली उभी केलेली. कॅन्सस प्रांतातील रेल्वेच्या कर्मशाळेत हात काळे करून वर आलेला हा यंत्रज्ञ, आणि त्याच्या कंपनीचा लौकिकही पुष्कळ वर्षे यंत्रज्ञांची कंपनी असाच होता; 1928 साली तिने आपल्याहून जुन्या आणि मातबर अशा डॉज बंधूंचा कारखाना विकत घेतला आणि जनरल मोटर्स व फोर्ड यांच्या पंक्तीला जाऊन बसली. पुढच्या पिढीत मात्र कारभार यंत्रज्ञांच्या हातून हिशेबनिसांच्या हाती गेला, आणि त्याबरोबर एक विलक्षण रिवाज कंपनीच्या अंगवळणी पडला. इतर कारखान्यांत विक्रेत्यांची मागणी येई आणि तिच्या धोरणाने गाड्या बांधल्या जात. क्रायस्लरमध्ये कारखाना चालू दिसावा म्हणून गाड्या आधी बांधल्या जात आणि गिऱ्हाईक मागाहून शोधले जाई. या बेवारशी गाड्यांच्या साठ्याला कंपनीत ‘सेल्स बँक’ असे भारदस्त नाव होते. डेट्रॉइटच्या आसपासच्या मोकळ्या पटांगणांत हजारोंच्या संख्येने त्या ऊनपावसात उभ्या असत, आणि तिमाही संपत आली की विक्रीखात्यातील मंडळी विक्रेत्यांना दूरध्वनी करून त्या पडेल भावाने गळ्यात बांधीत. विक्रेते काही दूधखुळे नव्हते. महिन्याच्या प्रारंभी मागणी नोंदवण्यापेक्षा महिनाअखेरची वाट पाहणे फायद्याचे, हे ते लौकरच शिकले. अशा रीतीने कंपनीने आपल्याच गिऱ्हाइकाला आपला माल पूर्ण किमतीला न घेण्याचे शिक्षण स्वखर्चाने दिले.

यात भर पडली परदेशच्या पसाऱ्याची. इंग्लंडमधील रूट्स, फ्रान्समधील सिम्का आणि स्पेनमधील बारेरोस असे तीन दुबळे कारखाने कंपनीने साठीच्या दशकात ताब्यात घेतले. दुबळे, कारण सबळ कारखाने फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी पूर्वीच घेतले होते किंवा ते विकाऊ नव्हते. 1973 च्या तेलसंकटाने मोठ्या गाड्यांची बाजारपेठ हादरली, 1979 च्या इराणी क्रांतीने ती कोसळली, आणि छोट्या गाड्यांसाठी गिऱ्हाईक जपानी विक्रेत्यांच्या दारात रांगा लावू लागले. सुरक्षितता व धूर यांविषयीच्या सरकारी नियमांचा खर्च लहान कंपनीवर प्रत्येक गाडीमागे अधिक पडतो, म्हणजे आमच्या दुर्दशेला सरकारही काही अंशी कारण आहे, असाही युक्तिवाद रिकार्डो करीत. तो अगदीच निराधार नव्हता. पण ज्या पटांगणांत न खपलेल्या गाड्या उभ्या होत्या ती पटांगणे काही सरकारने भरली नव्हती.

मराठी वाचकाला या कंपनीचे नाव सर्वस्वी परके वाटण्याचे कारण नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद हे हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना काढण्याच्या ध्यासाने अमेरिकेस गेले, फोर्डकडे त्यांची डाळ शिजली नाही, आणि अखेर 1940 साली त्यांनी करार केला तो क्रायस्लरशी. सर विश्वेश्वरय्या यांनी पुरस्कारिलेल्या या योजनेला मुंबई इलाख्यातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने अनुकूलता दाखवली होती; परंतु 1939 च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि युद्धकाळातही परक्या राजवटीला या उद्योगाची निकड वाटली नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना 1944 साली झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या घराण्यातील डॉज मालमोटारी 1947 साली बाहेर पडल्या. पुढे त्याच कारखान्याने इटलीच्या फियाटशी सोयरीक केली, नव्वदीच्या दशकात प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून कल्याणला आणखी एक गाडी बांधून पाहिली, आणि योगायोग असा की क्रायस्लर, फियाट आणि प्यूजो ही तिन्ही घराणी 2021 साली स्टेलॅंटिस या एकाच नावाखाली एकत्र आली. प्रीमियरची मोटार-बांधणी मात्र तोवर इतिहासजमा झाली होती.

क्रायस्लरचा सरकारी खजिन्याशी आलेला पहिला मोठा प्रसंग अमेरिकेत नव्हे, इंग्लंडात घडला, आणि वॉशिंग्टनच्या वादात त्याची आठवण व्हावी तितकी झाली नाही. 1975 च्या नोव्हेंबरात रिकार्डो लंडनला गेले आणि पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांना त्यांनी बजावले की, आपली ब्रिटिश शाखा सरकारने एकतर ताब्यात घ्यावी, नाहीतर ती बंद पडलेली पाहण्याची तयारी ठेवावी. उद्योगमंत्री एरिक व्हार्ली यांचा साह्याला विरोध होता. देशात मोटारी बांधण्याची ताकद गरजेपेक्षा फार अधिक आहे, असे सरकारच्याच विचारगटाचे मत त्या सुमारास प्रसिद्ध झाले होते. आणि काही महिन्यांपूर्वीच ब्रिटिश लेलँड ही अवाढव्य कंपनी बुडताना सरकारने आपल्या गळ्यात बांधून घेतली होती. परंतु क्रायस्लरचा एक कारखाना स्कॉटलंडमधील लिनवुड येथे होता, स्कॉटलंडात राष्ट्रवादी पक्षाचे वारे वाहू लागले होते, आणि इराणच्या शहाला सुट्या भागांच्या रूपाने पाठवल्या जाणाऱ्या गाड्यांचे मोठे कंत्राटही धोक्यात होते. शेवटी सरकारने जास्तीत जास्त 16 कोटी 25 लक्ष पौंडांपर्यंत बोजा उचलण्याचे मान्य केले आणि व्हार्लींना आपल्याला न पटलेल्या निर्णयाचे समर्थन सभागृहात उभे राहून करावे लागले. या व्यवहारात सरकारने पैसा दिला, खोटीतील वाटा पत्करला, परंतु मालकाच्या मालकीला हात लावला नाही की त्याच्याकडून बांधून घेण्यासारखे विशेष काही लिहून घेतले नाही. तीन वर्षांच्या आत, 1978 च्या ऑगस्टमध्ये, क्रायस्लरने आपला सारा युरोपीय पसारा प्यूजोला विकून टाकला. व्यवहार पक्का होत आल्यावर ब्रिटिश मंत्र्यांना त्याची वर्दी मिळाली. ज्या लिनवुडसाठी हा अट्टहास झाला तो कारखाना 1981 साली बंद पडला.

वॉशिंग्टनमध्ये 1979 च्या शरदऋतूत जो वाद माजला त्याचे वृत्तान्त आज वाचताना प्रथम जाणवते ते हे की, पक्षांच्या ठरावीक सीमारेषा तेथे पार विस्कटून गेल्या होत्या. सेनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष विल्यम प्रॉक्समायर हे सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचेच. पण 1971 साली लॉकहीड या विमान-कंपनीला 25 कोटी डॉलरांची जामीनकी देण्याचा ठराव सेनेटात अवघ्या एका मताने मंजूर झाला तेव्हा त्याविरुद्ध लढणारे हेच गृहस्थ, आणि आता क्रायस्लरच्या बाबतीतही त्यांनी आपली भूमिका रेसभर बदलली नाही. मिशिगन हा क्रायस्लरचा स्वतःचा प्रांत. तरीही तेथून निवडून आलेले तरुण प्रतिनिधी डेव्हिड स्टॉकमन यांनी विरोधात भाषणे केली. जनरल मोटर्सचे अध्यक्ष थॉमस मर्फी यांनी असे मदतकार्य अमेरिकेच्या आर्थिक तत्त्वज्ञानालाच आव्हान देणारे असल्याचे सांगितले. प्रतिस्पर्ध्याच्या अंत्ययात्रेला तत्त्वज्ञानाचे मंत्र म्हणायला त्यांना कोणी बोलावले होते, असा प्रश्न त्या वेळी पुष्कळांच्या मनात आला असला पाहिजे. अर्थशास्त्री मिल्टन फ्रीडमन यांचा आक्षेप अधिक गंभीर होता. क्रायस्लर बुडाली म्हणून तिची यंत्रे, इमारती आणि कुशल कामगार काही समुद्रात जाणार नाहीत. ते अधिक समर्थ हातांत जातील, आणि जे भांडवल सरकार या कंपनीकडे वळवील ते दुसऱ्या कोणत्यातरी, अद्याप जन्माला न आलेल्या उद्योगाच्या तोंडचे काढून घेतलेले असेल, असे त्यांचे प्रतिपादन. वाचलेली नोकरी मोजता येते, न निर्माण झालेली नोकरी कोणाच्याच हिशेबात येत नाही, हा या युक्तिवादातील खरा सल. आणि त्याला समाधानकारक उत्तर पाठीराख्यांपैकी कोणी दिल्याचे मला तरी आढळले नाही.

त्यांनी दिले ते दुसऱ्याच प्रकारचे उत्तर. रिकार्डो यांनी सप्टेंबरात पद सोडले आणि त्यांच्या जागी आले ली आयकोका. वर्षभरापूर्वी हेन्री फोर्ड दुसरे यांनी कामावरून दूर केलेला हा माणूस. क्रायस्लरमध्ये त्याचे पाऊल पडले त्याच दिवशी कंपनीने तोपर्यंतची आपली सर्वांत मोठी तिमाही खोट जाहीर केली होती. समित्यांपुढे साक्ष देताना आयकोका यांनी तत्त्वाच्या आखाड्यात फार वेळ दवडला नाही. लॉकहीडपासून न्यूयॉर्क शहरापर्यंत सरकार ज्यांना ज्यांना जामीन राहिले होते त्यांची जंत्री त्यांनी पुढे ठेवली. कंपनी बुडाल्यास बेकारभत्ता आणि निर्वाहसाह्य यांपायी पहिल्या वर्षातच 270 कोटी डॉलर खर्चावे लागतील असा खुद्द खजिन्याचा अंदाज सांगून, आज जामीन राहून काहीही न देणे स्वस्त की उद्या निश्चितपणे ते देणे स्वस्त, असा व्यापारी प्रश्न त्यांनी विचारला. डेट्रॉइटचे महापौर कोलमन यंग यांनी आपल्या शहरातील कृष्णवर्णीय कामगारांचा मोठा भाग या एका कंपनीवर पोसला जातो, ही बाजू अध्यक्ष कार्टर यांच्या कानी घातली. आणि रदबदलीचे जे खरे अस्त्र होते ते तर निव्वळ दप्तरी कामातून निघाले: प्रत्येक प्रतिनिधीच्या मतदारसंघात क्रायस्लरचे विक्रेते किती, सुटे भाग पुरवणारे किती, त्यांच्याकडे माणसे किती आणि कंपनी बुडाल्यास त्यांपैकी कितीजणांच्या पोटावर पाय येईल, याची गणकयंत्रावर छापलेली यादी ज्याची त्याच्या मेजावर नेऊन ठेवण्यात आली. विक्रेतेही वॉशिंग्टनला लोटले, आणि गावोगावचे मोटार-विक्रेते म्हणजे बहुधा रूढिप्रिय, सरकारी हस्तक्षेपाला नाके मुरडणारी, रिपब्लिकन पक्षाला देणगी देणारी प्रतिष्ठित मंडळी. त्यांनी आपल्याच प्रतिनिधीपुढे उभे राहून सरकारी साह्याची विनवणी केली तेव्हा भल्याभल्यांचा तात्त्विक निर्धार पातळ झाला. 1979 च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने 271 विरुद्ध 136 आणि सेनेटने 53 विरुद्ध 44 मतांनी विधेयक उचलून धरले, आणि 7 जानेवारी 1980 रोजी अध्यक्ष कार्टर यांनी त्यावर सही केली.

या कायद्याचा मसुदा वाचण्याजोगा आहे, आणि माझ्या मते साऱ्या वादात जे तत्त्वाच्या भाषेत बोलले गेले त्यापेक्षा जे कलमांच्या भाषेत लिहिले गेले तेच अधिक मोलाचे होते. सरकारने स्वतःच्या खजिन्यातून एक डॉलरही द्यायचा नव्हता. कंपनीने घेतलेल्या 150 कोटी डॉलरांपर्यंतच्या कर्जाला जामीन राहायचे होते, आणि तेही कंपनीची झाडून सारी मिळकत तारण घेऊन. पण त्याआधी अट अशी की, ज्यांचे ज्यांचे हितसंबंध कंपनीत गुंतले आहेत त्यांनी मिळून सुमारे 200 कोटी डॉलरांची झीज सोसल्याचे लेखी दाखवावे. संघटित कामगारांनी वेतन आणि सवलतींतून 46 कोटी 25 लक्ष सोडावेत. कारकून, अभियंते आणि अधिकारी यांनी 12 कोटी 50 लक्ष. प्रांतिक आणि स्थानिक सरकारांनी 25 कोटी उभे करावेत. शिवाय सावकारी पेढ्या, विक्रेते, पुरवठादार यांचे वाटे निराळे, आणि कंपनीने आपली मालमत्ता विकून आणखी भर घालावी. देखरेखीसाठी नेमलेल्या मंडळावर खजिन्याचे सचिव, मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष पॉल व्होल्कर आणि सरकारी हिशेबतपासनीस असे तीन मतदार सभासद होते. पैशाच्या बाबतीत यांच्याहून कठोर त्रिकूट त्या काळी अमेरिकेत शोधून सापडले नसते. सरकारने आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. कंपनीचे 1 कोटी 44 लक्ष भाग दर भागास 13 डॉलर या ठरलेल्या भावाने विकत घेण्याचा हक्क तिने सरकारला लिहून दिला. भागाचा बाजारभाव तेव्हा याच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. त्यामुळे या हक्काकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

कार्टर यांची सही होण्याच्या तीनच दिवस आधी, 4 जानेवारी 1980 रोजी, डेट्रॉइटच्या कुशीतील हॅमट्रॅमक गावात ‘डॉज मेन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली. 1910 साली डॉज बंधूंनी उभारलेली ही बहुमजली वास्तू, आणि तिच्या भोवती पोलंडहून आलेल्या कामगारांच्या तीन पिढ्यांनी वसवलेले गाव. कारखाना जुना झाला होता, मजल्यामजल्यांवर सामान चढवण्या-उतरवण्यात खर्च फार होता, तो बंद करण्याचा निर्णय साह्याच्या आधीचाच होता, हे सर्व खरे. तथापि रोजगार वाचवण्यासाठी म्हणून जो कायदा संमत झाला त्याची शाई वाळण्यापूर्वीच हजारो माणसे घरी बसली, आणि पुढील तीन वर्षांत कंपनीतील नोकऱ्या जवळजवळ निम्म्यावर आल्या. कामगार संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर हे मे महिन्यात कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. अमेरिकेतील एवढ्या मोठ्या कंपनीत कामगारांचा पुढारी मालकांच्या मेजाशी बसल्याचे हे पहिले उदाहरण. आयकोका यांनी आपले वार्षिक वेतन एक डॉलरवर आणले. फ्रेझर यांनी पदरात पाडून घेतलेली खुर्ची आणि कामगारांनी सोडलेले कोट्यवधी डॉलर यांचा हिशेब बरोबरीचा झाला की नाही, याविषयी त्यांच्या संघटनेतच दुमत राहिले.

सर्वांत नाट्यमय भाग मात्र सावकारांच्या संमतीचा. कंपनीला कर्ज दिलेल्या लहानमोठ्या पेढ्या सुमारे 400 होत्या, त्या न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंत आणि तेहरानपर्यंत पसरलेल्या होत्या, आणि त्यांपैकी एकीनेही सही नाकारली तरी सारा डोलारा कोसळणार होता. बड्या पेढ्या कुरकुरत का होईना राजी झाल्या. अडून बसल्या त्या छोट्या. इलिनॉय प्रांतातील रॉकफर्ड गावच्या एका पेढीचे जेमतेम सव्वापाच लक्ष डॉलर येणे होते. तिच्या चालकाने सांगितले की बुडत्या कंपनीला अधिक मुदत देणे हे आपल्या ठेवीदारांच्या हिताचे नाही, सबब आमचे पैसे तेवढे परत करा. त्याचे म्हणणे सावकारीच्या शास्त्रात चोख बसणारे होते. अडचण एवढीच की शेजारच्याच बेल्व्हिडिअर गावी क्रायस्लरचा मोठा कारखाना होता आणि त्या पेढीचे ठेवीदार व त्या कारखान्याचे कामगार यांत पुष्कळदा एकाच घरातली माणसे असत. प्रतिनिधी आले, अधिकारी आले, ठेवी काढून घेण्याच्या धमक्या आल्या. अखेरीस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सही झाली. सगळे कागद न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवरील एका उंच इमारतीतील वकिलांच्या कचेरीत जमले, आणि 23 जूनच्या संध्याकाळी, म्हणजे करार पुरा व्हायच्या आदल्याच रात्री, त्या इमारतीला आग लागली. मध्यरात्रीनंतर अग्निशामक दलाची परवानगी काढून वकील मंडळी धुराने भरलेल्या मजल्यांवर पुन्हा चढली आणि कागदांचे गठ्ठे हातगाड्यांवर लादून दुसऱ्या इमारतीत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या खात्यात 50 कोटी डॉलरांचा पहिला हप्ता जमा झाला.

पुढची कथा आयकोका यांनी आत्मचरित्रात रंगवून सांगितली आहेच. तिच्यात नायक एकच आहे, म्हणून ती थोड्या सावधपणे वाचावी. 1979 साली 110 कोटी आणि 1980 साली 170 कोटी डॉलर अशी त्या काळी अभूतपूर्व खोट खाऊनही कंपनी तगली याला ‘के-कार’ नावाची आटोपशीर गाडी कारण झाली, तसेच 1981 पासून जपानने आपल्या निर्यातीवर वर्षाला 16 लक्ष 80 हजार गाड्यांची मर्यादा घालून घेतली तीही कारण झाली. आणि जपानच्या या ‘स्वेच्छे’मागे अमेरिकन सरकारचाच दबाव होता, म्हणजे जामीनकीखेरीज हे दुसरे साह्यही सरकारनेच केले. एकूण 120 कोटी डॉलरांचे जामीनकर्ज कंपनीने 1983 साली, मुदतीच्या सात वर्षे आधी, फेडले. फेडीची घोषणा आयकोका यांनी नेमकी 13 जुलैला केली. पाच वर्षांपूर्वी त्याच तारखेला फोर्डने त्यांना निरोप दिला होता.

आणि आता ती दुर्लक्षित अधिकारपत्रे बाहेर निघाली. भागाचा भाव 13 डॉलरांच्या दुपटीवर गेला होता. सरकारने आपला हक्क बजावला तर त्यात मोठी कमाई होती. आयकोका यांनी प्रथम विनंती केली की सरकारने ही पत्रे फुकट किंवा नाममात्र किमतीला परत करावीत, कारण सरकारने जोखीम घेतली तरी पदरचे काही खर्चले नव्हते. दुष्काळात तगाई घेताना सरकारला मायबाप म्हणणाऱ्या कुणब्याने सुगी येताच सारा मागणाऱ्या तलाठ्याकडे डोळे वटारून पाहावे, तसा हा प्रकार. आणि तो रीगन यांच्या, म्हणजे सरकारने व्यापारात पडू नये असे मानणाऱ्यांच्या, राजवटीत घडला. पण त्याच राजवटीच्या खजिन्याने शुद्ध व्यापारी बुद्धीने नकार दिला आणि सप्टेंबरात जाहीर लिलाव पुकारला. अखेर कंपनीनेच 31 कोटी 10 लक्ष डॉलर मोजून आपली पत्रे सोडवली. लंडनच्या सरकारला जे सुचले नाही ते वॉशिंग्टनला सुचले होते: जोखमीत वाटा घेणाऱ्याने नफ्यातही वाटा लिहून घ्यावा.

तत्त्वज्ञानाचे रक्षण करणाऱ्या जनरल मोटर्सचे काय झाले, हेही याच जागी सांगणे प्राप्त आहे. डॉज मेनच्या ओसाड जागेवर आणि तिला लागून असलेल्या पोलटाऊन या वस्तीवर तिला नवा कारखाना हवा होता. डेट्रॉइट नगराने सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार वापरून सुमारे 4,200 माणसांना उठवले, घरे, दुकाने आणि प्रार्थनामंदिरे पाडली, आणि सार्वजनिक पैशातून तयार केलेली भुई कंपनीच्या स्वाधीन केली. 1981 च्या मार्चमध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कृत्य लोकहिताचे ठरवले. या साह्याला कोणी साह्य म्हटले नाही, त्यामुळे त्यावर सेनेटात भाषणेही झाली नाहीत. 2004 साली त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात आपला तो निवाडा चुकीचा ठरवून रद्द केला. पोलटाऊनच्या जागी तोवर जवळजवळ वीस वर्षे मोटारी बांधल्या जात होत्या.

2008 च्या नोव्हेंबरात जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांचे प्रमुख स्वतंत्र खाजगी विमानांनी वॉशिंग्टनला मदत मागण्यासाठी आले तेव्हा त्या विमानांवरच एवढी टीका झाली की 1979 ची साक्ष कोणी काढून वाचली असे दिसत नाही. डिसेंबरात विधेयक सेनेटात अडले, आणि अध्यक्ष बुश यांनी बँकांसाठी राखलेल्या निधीतून जनरल मोटर्स व क्रायस्लर यांना 1,740 कोटी डॉलर देऊ केले. नव्या अध्यक्षांच्या अमदानीत, 30 एप्रिल 2009 रोजी, क्रायस्लरने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. सरकारने योजलेला तोडगा असा की कंपनीचा जिवंत भाग नव्या कंपनीला विकावा, तीत फियाटला वाटा आणि व्यवस्थापन द्यावे, कामगारांच्या आरोग्यनिधीला 55 टक्के भाग द्यावेत, आणि तारणदार सावकारांना त्यांच्या 690 कोटींच्या येण्यापोटी 200 कोटी रोख देऊन मोकळे करावे. सावकारांतील बड्या पेढ्या स्वतःच सरकारी मदतीच्या ओझ्याखाली होत्या. त्यांनी मान्यता दिली. इंडियाना प्रांतातील शिक्षकांच्या आणि पोलिसांच्या निवृत्तिनिधींनी मात्र, तारण आमचे असताना आम्हाला रुपयात पाच आणे आणि बिनतारणी हक्कदाराला निम्मी कंपनी हे कोणत्या न्यायाने, असे विचारत न्यायालयाचे दार ठोठावले. 8 जूनला सर्वोच्च न्यायालयाने विक्रीला तात्पुरती तहकुबी दिली, 9 जूनला ती उठवली, 10 जूनला विक्री पुरी झाली. 1980 साली सव्वापाच लक्ष डॉलरांच्या एका खेडवळ पेढीच्या सहीसाठी सरकार, कंपनी आणि जगभरच्या बँका खोळंबून राहिल्या होत्या. या वेळी कोणाच्याही सहीची गरज पडली नाही. खजिन्याने क्रायस्लरमध्ये गुंतवलेल्या 1,250 कोटींपैकी 2011 पर्यंत 1,120 कोटी परत आले. इंडियानाच्या निवृत्तिनिधींच्या प्रकरणात 2009 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा निवाडा पुसून टाकला, पण त्याचबरोबर वादही निकालात काढला, कारण ज्या विक्रीविरुद्ध तक्रार होती ती होऊन सहा महिने लोटले होते.